जुन्या पेठेचा बाजार कसा जोखायचा आणि ती पुन्हा उभी कशी राहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापारी मंडळे, गाळ्यांचे मालक, भाडेकरू दुकानदार आणि नगरपालिकेत पेठ सुधारण्याचे काम अंगावर आलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. गणिते समजायला सोपी जावीत म्हणून रकमा रुपयांत न देता १०० धरून दिल्या आहेत. आपल्या पेठेचे आकडे त्या जागी घालावेत.

पेठ खरंच उतरणीला लागली आहे, की नुसती जुनी दिसते?

पोपडे निघालेल्या भिंतींवरून काहीच ठरत नाही. रंग उडालेल्या गल्लीत रोज उत्तम धंदा चाललेला असतो आणि नव्या फरशीच्या रस्त्यावर निम्मी शटरे बंद असतात. पाहायचे ते असे: रिकामा झालेला गाळा किती दिवसांत भरतो, भरला तर त्यात काय येते, आणि दुकान संध्याकाळी किती वाजता बंद होते. कुठल्याही चालत्या बाजारात ५ ते १० टक्के गाळे रिकामे असतातच. एक भाडेकरू जातो आणि दुसरा यायला वेळ लागतो. तोच गाळा वर्षाहून जास्त बंद राहिला तर दुखणे वेगळे आहे.

फसवणारी गोष्ट म्हणजे गोदामे. एकही गाळा रिकामा नाही असे मालक अभिमानाने सांगतात, पण रस्त्याकडच्या दहापैकी तीन गाळ्यांत खोकी रचलेली असतात. गोदामाचे भाडे वेळेवर येते, मात्र ते एकही गिऱ्हाईक आणत नाही आणि शेजारच्या दोन्ही दुकानांसमोरची वर्दळ तोडते. पाहणीत अशा गाळ्यांची गणना वेगळी करा. आमच्या मते रिकाम्या गाळ्यांपेक्षा हा आकडा जास्त बोलका असतो.

गाळ्यांची पाहणी नेमकी कशी करायची?

नगरभूमापनाचा नकाशा घ्या, रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. प्रत्येक शटरला क्रमांक द्या. दुकानाला नाही, शटरला. कारण एका दुकानाची तीन शटरे असतात आणि उद्या त्यातली दोन वेगळी होऊ शकतात. प्रत्येक क्रमांकापुढे रस्त्याकडची रुंदी, खोली, पोटमाळा आहे का, सध्याचा वापर, मालक स्वतः बसतो की भाडेकरू, किती वर्षांपासून, सध्याचे भाडे, वरच्या मजल्याचा जिना कुठून आहे आणि वर काय चालते, एवढे लिहा. दोघांची जोडी दिवसाला ६० ते ७० शटरे नीट करते. त्याहून जास्त झाली असतील तर बहुधा दारातूनच नोंदी केल्या आहेत.

तीन फेऱ्या लागतात: कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. एकाच फेरीत आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद असलेली दुकाने रिकामी म्हणून लागतात आणि पुढचा सगळा हिशेब घसरतो. शंका असेल तर विजेचा मीटर पाहा. चाक फिरत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर आत कोणीतरी वीज वापरते आहे.

क्षेत्रफळात सर्वांत जास्त घोळ होतो. कोणी पोटमाळा धरून सांगतो, कोणी भिंतींसकट, कोणी पुढचा ओटाही मोजतो. स्वतः फीत लावून आतली मोकळी जागा मोजा आणि पोटमाळा वेगळ्या रकान्यात ठेवा. नाहीतर दर चौरस फुटाच्या भाड्याची तुलना करताना शेजारी-शेजारी गाळ्यांत दुप्पट फरक दिसेल आणि त्याचे कारण बाजारात शोधत बसाल.

वर्दळ मोजण्याची खात्रीची पद्धत कोणती?

रस्त्याच्या मध्यावर एक काल्पनिक आडवी रेघ ठरवा आणि ती ओलांडणारी माणसे दोन्ही दिशांनी मोजा. दर तासाला १५ मिनिटे मोजून चारने गुणले तरी पुरते. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत, कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक. सणाचा आठवडा, पगाराचा आठवडा आणि पावसाचा दिवस टाळा. मोजणीची जागा बसथांब्यापासून किंवा शाळेच्या फाटकापासून लांब हवी. तिथली गर्दी बाजारासाठी आलेली नसते.

त्याच वेळी दुसऱ्या माणसाने नमुन्याच्या चार-पाच दुकानांत किती जण शिरले आणि किती जण पिशवी घेऊन बाहेर पडले ते टिपावे. भरपूर माणसे जातात पण कोणी थांबत नाही, आणि माणसेच येत नाहीत, या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. पहिलीवर उपाय दुकानांच्या मालात आणि मांडणीत सापडतो, दुसरीवर रस्त्यात, वाहतुकीत आणि आजूबाजूच्या वस्तीत.

गिऱ्हाईक किती लांबून येते, हे कसे ठरवायचे?

सरळ विचारून. बिल करताना राहण्याचा भाग विचारावा, नाव-पत्ता नको. तीन-चारशे उत्तरे मिळाली की नकाशावर ठिपके टाका. ज्या क्षेत्रात ६० ते ७० टक्के ठिपके येतात ते तुमचे मुख्य बाजारक्षेत्र. रोजच्या जिनसांसाठी ते पाच-दहा मिनिटांच्या चालीपलीकडे, म्हणजे ४०० ते ८०० मीटरपलीकडे, फारसे जात नाही. दागिने, लग्नाचे कपडे, यंत्रांचे सुटे भाग अशा मालासाठी सगळे शहर येते.

विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये आणि डेव्हिड हफ यांनी १९६० च्या दशकात मांडलेली आकर्षणाची गणिते, म्हणजे कोणता बाजार किती गिऱ्हाईक ओढेल याचा अंदाज देणारी सूत्रे, यासाठी आजही वापरली जातात. हफ यांच्या पद्धतीत दुकानांच्या क्षेत्रफळाला अंतराच्या घाताने (अंतराचा वर्ग किंवा नुसते अंतर, मालाप्रमाणे) भागतात आणि आलेल्या आकड्यांच्या प्रमाणात गिऱ्हाईक वाटतात. समजा, तुमच्या पेठेत एका मालाची ४,००० चौरस फूट दुकाने घरापासून १ किलोमीटरवर आहेत आणि नव्या मॉलमध्ये ९,००० चौरस फूट ३ किलोमीटरवर. अंतराचा वर्ग घेतला तर ४,००० विरुद्ध १,०००, म्हणजे ८० टक्के गिऱ्हाईक पेठेकडे यायला हवे. पण फर्निचरसारख्या मालासाठी लोक अंतर इतके मनावर घेत नाहीत. तिथे वर्गाऐवजी नुसते अंतर घेतले की ४,००० विरुद्ध ३,००० होते, म्हणजे ५७ आणि ४३. गणिताने ८० सांगितले आणि प्रत्यक्षात ४० च येत असेल, तर अंतराखेरीज दुसरे काहीतरी लोकांना दूर ठेवते आहे: माल, दर, रस्ता, स्वच्छतागृह नसणे, संध्याकाळचा अंधार. शोध त्या दिशेने घ्या.

अजून किती दुकाने चालू शकतील?

कुटुंबांची संख्या गुणिले त्या मालावरचा वर्षाचा खर्च, ही झाली एकूण मागणी. समजा मुख्य क्षेत्रात ५,००० कुटुंबे आहेत आणि कपड्यांवर प्रत्येकी १०० खर्च होतो. मागणी ५ लाख. पेठेतल्या कापड दुकानांची विक्री ३ लाख, पण त्यातले १ लाख बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचे. म्हणजे रहिवाशांचे फक्त २ लाख इथे राहतात आणि ३ लाख बाहेर जातात. बाहेरच्यांचा वाटा वजा करायला विसरले की बाहेर जाणारा पैसा नेमका तेवढाच कमी दिसतो.

आता ३ लाख सगळे परत येणार, असे धरू नका. ही चूक चांगल्या अहवालांतही असते. १० ते २० टक्के परत येतील असे मानणे शहाणपणाचे. १५ टक्के म्हणजे ४५,०००. एका चौरस फुटामागे वर्षाला ३० विक्री झाली तरच दुकान तगते असे सध्याच्या दुकानदारांकडून कळले असेल, तर १,५०० चौरस फूट जागेला वाव आहे. मध्यम आकाराची तीन-चार दुकाने, बस. तीस नव्हे.

गाळा रिकामा ठेवतील, पण भाडे कमी करणार नाहीत. मालक असे का करतात?

बहुतेकदा त्यांच्या बाजूने ते तर्काला धरूनच असते. गाळ्यावर कर्ज नाही, कर थोडा, म्हणजे रिकामा ठेवायला जवळपास काहीच खर्च नाही. वारसदारांत वाद असेल तर करारावर सही कोण करणार हेच ठरलेले नसते. भाडेकरू उठणार नाही ही भीती असते. आणि पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली की नवा भाडेकरू हा अडथळा वाटू लागतो. त्यामुळे ‘भाडे कमी करा’ असे आवाहन करून उपयोग होत नाही. कारण शोधून त्यावर उपाय करावा: भीती असेल तर ११ महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार, ज्यात परत करण्याची तारीख आणि अनामत स्पष्ट आहे, वारसांचा वाद असेल तर सगळ्यांनी मिळून एकाला दिलेले अधिकारपत्र, भाडे वाद मिटेपर्यंत वेगळ्या खात्यात.

नव्या दुकानदाराने भाडे विक्रीच्या प्रमाणात पाहावे. किराण्यासारख्या कमी नफ्याच्या धंद्याला विक्रीच्या २ ते ३ टक्के, कपडे किंवा खाद्यगृहाला ७ ते १० टक्के भाडे झेपते, हा ढोबळ अंदाज. पहिल्या वर्षी कमी ठरलेली रक्कम आणि वर विक्रीचा ठरावीक हिस्सा असा करार दोघांनाही बरा पडतो, मात्र विक्रीची नोंद दाखवण्याची तयारी हवी.

भाडेनियंत्रण उठवले की पेठ आपोआप सुधारते का?

इमारती सुधारू शकतात. पेठ सुधारेल असे नाही. मलेशियातल्या पिनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनमध्ये भाडेनियंत्रण इ.स. २००० च्या सुरुवातीला संपले. भाडी वाढली, अनेक जुने रहिवासी आणि छोटे कारागीर जुना भाग सोडून गेले आणि बरीच घरे रिकामी राहिली. २००८ मध्ये हा भाग जागतिक वारसा यादीत आला, मग हॉटेले आणि कॅफे आले. इमारती वाचल्या, पण त्यात राहणारी वस्ती पातळ झाली. ज्या भाड्यात इमारतीची गळतीही दुरुस्त होत नाही असे भाडे कायम ठेवणेही चूकच. छप्पर पडले की भाडेकरूही रस्त्यावर येतो. वाढ टप्प्याटप्प्याने, पाच-सात वर्षांत, आणि प्रत्येक टप्पा इमारतीत झालेल्या दुरुस्तीशी बांधलेला असावा.

जुनी इमारत दुरुस्त करणे परवडते का?

सगळ्या पुनरुज्जीवनाची गाठ इथे आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

इमारतीची आजची किंमत ३५, दुरुस्ती ५०, आराखडे, शुल्क, व्याज आणि अनपेक्षित खर्च १५. एकूण १००. दुरुस्तीनंतर वर्षाचे भाडे १०. त्यातून रिकामे राहण्याची आणि बुडीत भाड्याची तजवीज १ गेली, ९ उरले. देखभाल, कर, विमा, व्यवस्थापन मिळून २.५. निव्वळ हाती ६.५. गुंतवणूकदाराला ९ टक्के परतावा हवा असेल, तर ६.५ ला ०.०९ ने भागा: या इमारतीची किंमत त्याच्या लेखी ७२. खर्च १०० आणि किंमत ७२, म्हणजे २८ ची तूट. ही तूट आहे तोवर कोणीही समजदार माणूस पैसे घालणार नाही, रस्त्यावर कितीही शोभेचे दिवे लावा.

आता हेच गणित जुन्या मालकाच्या बाजूने करा. इमारत वडिलोपार्जित आहे, ३५ त्याला रोख द्यायचे नाहीत. त्याचा नवा खर्च ६५ आणि तयार होणारी किंमत ७२. त्याला परवडते! वरचे मजले वापरात आणून निव्वळ उत्पन्न ६.५ वरून ८ झाले तर किंमत ८९ होते. मग बाहेरून विकत घेणाऱ्याचीही तूट ११ वर येते, जी स्वस्त कर्ज, करसवलत किंवा अनुदानाने भरून निघू शकते.

आणि उलट बाजू. मोठा प्रकल्प येणार अशी बातमी पसरली आणि त्याच इमारतीची विचारणा ३५ वरून ६० झाली. खर्च १२५, किंमत तीच ७२, तूट ५३. दुरुस्ती करून पेठ टिकवण्याची वाट तिथे बंद होते. उरते ते पाडून उंच बांधणे किंवा वाट पाहत पडू देणे. म्हणून घोषणा आधी आणि काम नंतर, हा क्रम पेठेला फार महाग पडतो. आधी सध्याच्या मालकांशी बसा, त्यांना दुरुस्तीचे कर्ज सोपे करून द्या, जाहिरात मागाहून करा.

दुरुस्तीत खर्च कुठे फुगतो?

पाण्यामुळे. छप्पर, पन्हळ, उतरते नळ आणि गच्चीचा उतार या क्रमाने तपासा. जुन्या चुन्याच्या भिंतीला कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती आत कोंडते. मग खालून लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) चढतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. त्यावर पुन्हा सिमेंट लावणे म्हणजे दोन वर्षांनी तेच काम परत. गिलावा काढा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि चुन्यातच करा.

लाकडी तुळया मध्यभागी ठणठणीत असतात आणि भिंतीत रुतलेल्या टोकांशी कुजतात. हातोडीने ठोकून आवाज ऐका, टोकाशी आरी (टोकदार टोचा) खुपसून पाहा. ती बोटाच्या पेरभर सहज शिरली तर ते टोक बदलावे लागेल. लोखंडी गर्डर आणि काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या की फुगतात, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, आणि भोवतीचे काँक्रीट फुटते. नुसता थर लिंपून उपयोग नाही. सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज काढून, मगच भरावे.

सर्वांत धोक्याचे म्हणजे तळमजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी काढलेल्या भिंती. वरच्या मजल्यांचा भार घेणारी भिंत काढून खाली एक-दोन लोखंडी तुळया घातलेल्या असतात, त्यांचा हिशेब कोणाकडे नसतो. म्हणून निविदेपूर्वी संरचना अभियंत्याकडून निदान चार ठिकाणी उघडून पाहा: छपराचा कोपरा, तुळईचे टोक, तळमजल्यावरचा आधार आणि पाया. तरीही अनपेक्षित खर्चाला १५ ते २५ टक्के बाजूला ठेवा. ठेका एकरकमी देऊ नका. बाबनिहाय मोजमापाने द्या, कारण किती तुळया बदलायच्या हे छत उघडल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.

वरचे मजले ओस का पडतात?

बहुतेक ठिकाणी जिना दुकानाने गिळलेला असतो. रस्त्याकडचा दरवाजा बंद करून तेवढी रुंदी गाळ्यात घेतली, मग वर जायला दुकानातूनच वाट उरली. ज्याला स्वतंत्र दार नाही तो मजला गोदामापलीकडे कोणी घेत नाही. जिना परत काढायला रस्त्याकडची साधारण १ ते १.२ मीटर रुंदी द्यावी लागते. दुकानदाराचे तेवढे नुकसान आणि वरच्या दोन मजल्यांचे भाडे यांची तुलना करा; गाळा अगदीच अरुंद नसेल तर वरचे मजले जिंकतात. दोन शेजारी इमारतींनी एक जिना वाटून घेतला तर आणखी सोपे, मात्र तो हक्क नोंदणीकृत दस्तात लिहा.

नंतरचे अडथळे म्हणजे अग्निसुरक्षा, स्वच्छतागृहाचे पाइप आणि विजेचा भार. स्वच्छतागृहे एकाखाली एक आणि मागच्या भिंतीला ठेवा. लाकडी मजल्यावर नवी न्हाणी करायचीच असेल तर तिच्यासाठी खालून स्वतंत्र आधार द्या. घरे, दवाखाने, शिकवण्या, छोटी कार्यालये, काहीही चालेल, पण काही मजल्यांवर माणसे राहायला हवीत. राहणारा माणूस रात्री दिवा लावतो, सकाळी दूध घेतो आणि रस्त्यावर लक्ष ठेवतो.

पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, हे खरे का?

अंशतः. आधी एक दिवस मोजा: दर अर्ध्या तासाला प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहा. बऱ्याच जागी सकाळी लागलेली तीच गाडी संध्याकाळपर्यंत दिसते, आणि ती दुकानदाराची किंवा नोकराची असते. दहा तासांत एक गाडी थांबणारी जागा, ४५ मिनिटांच्या थांब्यांनी १३ गाड्यांना पुरते. नवी पार्किंग इमारत बांधण्याआधी हा हिशेब व्यापारी मंडळाच्या बैठकीत भिंतीवर लावा.

पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अनेक वर्षे मांडलेले तत्त्व असे की रस्त्यावरच्या पार्किंगचे दर इतके ठेवावेत की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील आणि येणाऱ्याला एखादी मोकळी सापडेल. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेना भागात १९९३ मध्ये मीटर बसवले आणि उरलेले उत्पन्न त्याच रस्त्यांच्या पदपथांवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च केले. पैसा तिथेच दिसल्यामुळे व्यापाऱ्यांचा विरोध मावळला. शुल्क लावून ते सर्वसाधारण तिजोरीत टाकले, तर हा विश्वास मिळत नाही. माल उतरवायच्या गाड्यांना सकाळची ठरावीक वेळ द्या. बाजार भरात असताना ट्रक उभा राहिला की दोन्ही बाजूंची दहा दुकाने अडतात.

रस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी करावा का?

डेन्मार्कच्या कोपनहेगनमधला स्ट्रॉयट हा बाजाराचा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला आणि आजही गजबजलेला आहे. अमेरिकेतल्या कलामाझू शहराने १९५९ मध्ये हाच प्रयोग केला, आणि १९९८ मध्ये त्याच्या काही भागात गाड्या परत आणल्या. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये खासगी गाड्या काढून फक्त बस ठेवल्या होत्या. १९९६ मध्ये रस्ता पुन्हा खुला केला. फरक आजूबाजूला पायी येणारी वस्ती आणि सार्वजनिक वाहतूक किती आहे, यात आहे. चालत येणारे निम्म्याहून कमी असतील तर कायमचा दगड बसवण्याआधी सुट्टीच्या संध्याकाळी अडथळे लावून तीन महिने चाचणी घ्या, आणि आधीच्या-नंतरच्या वर्दळीबरोबर विक्रीचीही तुलना करा.

दर्शनी भाग रंगवून सुरुवात केली तर?

गळती बंद झाल्यावर करा. त्याआधीचा रंग एका पावसात जातो. त्यातही आधी मोठे फलक आणि लोंबत्या तारा काढा. रंगापेक्षा त्याने जास्त फरक पडतो आणि खर्च कमी येतो.

कोणते धंदे आणावेत?

जे आहेत त्यांना पूरक. ज्या मालात लोक चार ठिकाणी पाहून मग घेतात, त्यांची दुकाने जवळजवळ असली की सगळ्यांचाच धंदा वाढतो. म्हणून कापडाच्या रांगेत अकरावे कापड दुकान आले तर घाबरू नका. त्या रांगेत शिंपी, रफू, बटणे, बसायची जागा आणि चहा नसेल, तर ती खरी उणीव आहे. फेरीवाल्यांना सरसकट हटवू नका. त्यांच्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यावर थांबते. पदपथावर किमान दोन मीटर मोकळी वाट राहील आणि कोणत्याही दुकानाचे दार झाकले जाणार नाही अशा जागा आखून द्या. दुरुस्तीचे कारागीर मोक्याच्या जागेचे भाडे देऊ शकत नाहीत. त्यांना गल्लीच्या आत, मागच्या अंगणात स्वस्त जागा राखून ठेवा.

रस्त्याचे काम चालू असताना दुकाने कशी तगतील?

याची तयारी फार कमी ठिकाणी होते आणि चांगली दुकाने नेमकी इथेच बुडतात. पाणी, मलनिस्सारण, पावसाची गटारे, वीज आणि तारा ही सगळी कामे एकाच खोदाईत झाली पाहिजेत. सगळ्या खात्यांनी एका नकाशावर सह्या केल्याशिवाय पहिली कुदळ मारू देऊ नका. एका वेळी ५० ते ६० मीटरचाच तुकडा, आणि त्यातही एकच बाजू. तुकडा बंद करून मगच पुढचा उघडायचा, हे ठेक्यात दंडासह लिहा. प्रत्येक दारापर्यंत कठड्याची मजबूत फळी, चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद. पावसाळ्याच्या आत खड्डे बुजलेले हवेत आणि विक्रीच्या मुख्य हंगामात काम पूर्ण थांबलेले. खोदाईपूर्वी प्रत्येक जुन्या भिंतीच्या भेगांचे तारखेसह फोटो घ्या. नंतर भेग कोणामुळे पडली हा वाद मग उरत नाही.

पैसा आणि व्यवस्थापन कोणी पाहायचे?

ऐच्छिक वर्गणीवर चालवले तर दोन वर्षांत दहा-बारा जणच देत राहतात आणि थकतात. न देणाऱ्यालाही तीच स्वच्छता आणि तेच दिवे मिळतात. या अडचणीवर कॅनडातल्या टोरांटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारभागाने १९७० मध्ये उपाय काढला. ठरलेल्या हद्दीतल्या सर्व व्यावसायिक मालमत्तांवर एक अधिभार, जो पालिका वसूल करते आणि स्थानिक मंडळ तिथेच खर्च करते. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९८० मध्ये मुख्य रस्त्यांसाठी केंद्र सुरू केले, त्याचा भर संघटना, प्रसिद्धी, रूप आणि आर्थिक बळ या चारही बाजूंवर एकत्र काम करण्यावर होता.

पहिला खर्च पगारी व्यवस्थापकावर करा. रोज पेठेत फिरणारा, मालकांचे वाद आणि रिकामे गाळे पाठ असलेला एक माणूस पाच समित्यांपेक्षा जास्त काम करतो. त्यानंतर साफसफाई, मग दिवे, मग कार्यक्रम.

जुने भाडेकरू आणि रहिवासी टिकवायचे कसे?

तोंडी आश्वासने कामाची नाहीत. काम सुरू होण्याआधी करारात परतीचा गाळा क्रमांकासह, आतले क्षेत्रफळ, रस्त्याकडची रुंदी, पाच वर्षांचे भाडे वर्षनिहाय आणि उशीर झाल्यास दरमहा भरपाई लिहिलेली असावी. रुंदीवर अडून बसा. तेवढेच क्षेत्रफळ पण मागच्या बाजूला मिळाले तर धंदा संपतो. तात्पुरती जागा त्याच रस्त्यावर हवी, कारण गिऱ्हाईक दोन चौक पलीकडे शोधत येत नाही. त्यासाठी रिकामे गाळे आधी दुरुस्त करून स्थलांतरासाठी फिरते ठेवावेत. इटलीतल्या बोलोन्याने १९७० च्या दशकात सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नव्या वसाहतींऐवजी जुन्या भागातल्या घरांच्या दुरुस्तीकडे वळवला आणि तिथल्या लोकांना तिथेच ठेवण्याचा प्रयत्न केला. हे खर्चिक आहे, पण वस्ती गेल्यावर बाजार फक्त पाहुण्यांवर उरतो आणि पाहुणे हंगामी असतात.

किती वर्षांत फरक दिसतो?

एका सलग तुकड्यावर, म्हणजे १५० ते २०० मीटरवर, नेट लावला तर दोन-तीन वर्षांत. पूर्ण पेठेला आठ-दहा वर्षे धरा. पैसा सगळीकडे थोडा थोडा वाटला तर कुठेच काही दिसत नाही आणि मंडळाचा धीर सुटतो. दर सहा महिन्यांनी तोच तक्ता भरा: रिकामी शटरे, गोदामे, संध्याकाळी सातची वर्दळ, वरच्या मजल्यावरचे पेटते दिवे, प्रत्यक्ष झालेल्या करारांची भाडी, आणि पाहणीच्या वेळच्या दुकानदारांपैकी किती अजून आहेत. भाडी चढली आणि शेवटचा आकडा घसरला, तर त्याच वेळी भाड्याचे टप्पे आणि राखीव जागा याकडे वळा. नंतर हातात काही राहत नाही.

काही पेठांना पुन्हा पूर्ण बाजार करणे शक्यच नसते का?

हो. एक किलोमीटर लांबीचा बाजार जेव्हा भरला होता, तेव्हा आजूबाजूला दुप्पट वस्ती होती आणि दुसरा पर्याय नव्हता. वरच्या हिशेबात मागणी निम्म्याच गाळ्यांची निघत असेल तर ती मान्य करा आणि बाजार लहान करा. चौकालगतचे ४०० मीटर दुकानांसाठी ठेवा, टोकांकडच्या गाळ्यांना घरे, कार्यशाळा, पाळणाघर, वाचनालय होऊ द्या. टोकाकडच्या चालत्या दुकानांना मधल्या रिकाम्या गाळ्यांत यायला स्थलांतराचा खर्च आणि सहा महिन्यांची भाडेसवलत द्या. गाळ्याचे घर करताना जोते रस्त्यापेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच करता येते का, मागून उजेड-वारा मिळतो का आणि शटरच्या जागी खिडकी बसवून आतला खाजगीपणा राहतो का, हे आधी पाहा. तिन्ही जमत नसेल तिथे कार्यशाळाच ठेवा. पालिकेकडून वापरबदलाची परवानगी गाळ्यागाळ्याने न मागता त्या पूर्ण तुकड्यासाठी एकदम मागावी; एकेका मालकाने वेगळा अर्ज केला की मध्ये दोन दुकाने अडकून पडतात आणि त्या रस्त्याला बाजाराचे रूप राहत नाही की घरांचे.